पाया खणण्याआधी पांढरी ओळखा: बडोद्याजवळच्या शेतजमिनीवर बांधकाम करणाऱ्यांसाठी

करजण तालुक्यात ढाढर नदीपासून जवळच आमची वडिलोपार्जित जमीन आहे. आम्ही राहतो बडोद्यात, दांडिया बाजारात, पण शेत सुटलेले नाही. चार वर्षांपूर्वी कापूस ठेवायला तिथे शेड बांधायची ठरली. शेताचा एक कोपरा बाकीच्या रानापेक्षा चार-साडेचार फूट उंच होता. जेसीबी लावून तो उंचवटा उतरवला आणि माती सखल बाजूला पसरली. काम दीड दिवसात संपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मातीत भाजलेल्या मातीचे एक मोठे कडे दिसले. तीन तुकड्यांत फुटलेले, बोटभर जाड, जोडून पाहिले तर दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम येईल एवढे. आतल्या बाजूला कुणाच्या तरी बोटांचे आडवे ओरखडे अजून स्पष्ट होते. पुढे जाणकारांनी सांगितले की हे कड्यांच्या विहिरीतले कडे. अशी कडी एकावर एक रचून जुन्या काळी विहिरी आणि शोषखड्डे बांधत. ते किती खोलीवरून आले, खाली आणखी कडी होती का, शेजारी भिंत होती का, यातले काहीच मला सांगता आले नाही. सगळी माती उलटीपालटी झाली होती.

गेल्या वर्षी त्याच शेतावर घर बांधताना आधी जमीन तपासली, खाली पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती कुठे आहे ते पाहिले. तेव्हा ज्या क्रमाने गेलो आणि जिथे अडखळलो, तेच इथे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे संरक्षित स्मारकाच्या परिसराबाहेर, साध्या खाजगी जमिनीवर घर बांधण्याआधी पुरातत्त्वीय तपासणी करून घ्या असे कोणतेही कार्यालय तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्ही स्वतःच करायचे आहे.

१. आधी गावाला विचारा

आपल्या भाषेत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती आणि चुलीचा कचरा साचून वस्तीची माती पांढुरकी, भुसभुशीत होते. गाव उठून दुसरीकडे गेले तरी पांढरी तिथेच राहते. बडोद्याच्या आसपास हा कानमचा कपाशीचा काळा मुलूख आहे, त्यामुळे पांढुरका पट्टा नजरेत भरतो.

गुजरातीत अशा उंचवट्याला टींबो म्हणतात. शेताच्या, वाटेच्या किंवा देवाच्या नावात टींबो, गढ, जुनुं गाम, कोट असे काही येत असेल तर थांबा आणि विचारा. आमच्या शेजारच्या काकांना मी चार वर्षे उशिरा विचारले. ते सहज म्हणाले, "तिथं जुनं गाम होतं, भाई. आम्ही लहानपणी तिथून खातर न्यायचो." पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची पद्धत फार जुनी आहे. ती कुठून उचलत, हे ज्यांना आठवते ती माणसे आता सत्तरीपुढची आहेत. त्यांना आधी गाठा.

बांधावर पाळिये आहेत का तेही पाहा. महाराष्ट्रात वीरगळ असतात तसे हे लढून पडलेल्यांचे स्मृतिदगड. बरेचदा कुठल्यातरी घराण्याची त्यावर श्रद्धा असते आणि वर्षातून एकदा शेंदूर लागतो. पाळिया सरकवून कुंपण सरळ करायचा विचारही करू नका.

२. कागद आणि नकाशे

सातबारा, ८-अ आणि गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदी तुम्ही मालकीसाठी काढालच. गुजरातच्या जमीन नोंदींच्या एनीआरओआर या संकेतस्थळावर बहुतेक काम होते. त्याच सातबाऱ्यावर शेताचे नाव लिहिलेले असते, ते वाचा. मालकी आणि क्षेत्रफळ पाहून आपण कागद घडी करून ठेवतो, नावाकडे लक्ष जात नाही.

मग तलाठ्याकडून गावनकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून सर्व्हे नंबरचे टिपण मिळवा. गामतळाबाहेर, म्हणजे गावठाणाबाहेर, कुठे गोलसर आकाराचा नंबर किंवा विनाकारण वळसा घेणारी गाडीवाट दिसते का ते बघा. सरळ जाणारी वाट मध्येच वळते तेव्हा तिथे काहीतरी अडथळा होता, निदान नकाशा झाला तेव्हा तरी. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही ऑनलाइन मिळतात.

उपग्रहाच्या चित्रात मे महिन्यातले, शेत मोकळे असतानाचे चित्र शोधा. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे उघडता येतात. आमच्या शेतावर, जेसीबी लागण्याआधीच्या एका चित्रात, फिकट डाग इतका स्वच्छ दिसत होता की मी तो बराच वेळ बघत बसलो. पाच मिनिटांचे काम होते आणि ते मी केले नव्हते.

३. शंभर आणि दोनशे मीटर

हा भाग कायद्याचा आहे. इथे चूक केली तर शिक्षा होते.

केंद्राचा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम १९५८ चा. त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या किंवा स्थळाच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटर हा प्रतिबंधित भाग. तिथे नवे बांधकाम नाही, फक्त असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित भाग. तिथे बांधता येते, पण आधी परवानगी घेऊन. परवानगीविना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लोक फसतात ते अंतर मोजताना. अंतर संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजतात, देवळाच्या भिंतीपासून नाही. हद्द कधी कधी इमारतीच्या बरीच बाहेर असते. डभोईचे उदाहरण घ्या. तिथे जुन्या तटाचे हिरा, बडोदा, चांपानेर आणि नांदोद असे चार दरवाजे चार दिशांना आहेत. एका दरवाजापासून तुम्ही लांब असाल, पण दुसऱ्याच्या वर्तुळात सापडाल. शिवाय स्मारक उघड्यावर दिसलेच पाहिजे असेही नाही. सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की वरून कमान दिसते आणि सगळी वास्तू पोटात, मजल्यामजल्यांनी खाली उतरत जाते.

परवानगीचा अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या नोआप्स या ऑनलाइन प्रणालीतून राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. कायद्याप्रमाणे त्याने १५ दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय कळवायचा. म्हणजे कागदोपत्रीच साडेतीन महिने. गवंड्याला त्याआधीची तारीख देऊ नका. अर्जात इमारतीची उंची जिन्याची खोली, कठडा आणि पाण्याची टाकी धरून व न धरून अशी दोन्ही लिहावी लागते. तळघर असेल तर खोलीही.

राज्यसंरक्षित स्थळांसाठी गुजरातचा १९६५ चा वेगळा कायदा आहे. तेव्हा गांधीनगरच्या पुरातत्त्व व संग्रहालय संचालनालयाकडेही लेखी विचारणा करा. प्रकल्प मोठा असेल, बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे, तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अर्जात आसपासच्या संरक्षित सांस्कृतिक जागांची माहिती मागतात.

४. शेत चालून पाहा

मला सगळ्यात जास्त शिकवले ते याच पायरीने, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

वेळ महत्त्वाची. नांगरट झालेली असावी आणि वर एक-दोन सरी पडून गेलेल्या असाव्यात. पावसाने माती धुतली की खापरे वर उघडी पडतात. कपाशी उभी असताना फिरून काही कळत नाही.

साहित्य साधे लागते: लांब दोरी, खुंट्या, चुना, वही, फोन, आणि मापासाठी शाळेची पट्टी. शेतावर पाच-पाच पावलांच्या अंतराने समांतर ओळी आखा. प्रत्येकाने एक ओळ धरून हळू, खाली बघत चालायचे. दर दहा पावलांनी थांबून त्या टप्प्यात किती खापरे दिसली ते वहीत लिहायचे. उचलून पोत्यात भरायची नाहीत. फोटो घ्या आणि जागच्या जागी ठेवा. आम्ही घरचे पाच जण होतो, माझी आईसुद्धा. एक एकर पाहायला सकाळ गेली.

काय पाहायचे? तवे, मडकी, घागरी यांच्या काठांचे तुकडे. आमच्या भागात लाल, तुळतुळीत, बोटाला काचेसारखे लागणारे खापर मिळते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते गुजरातेत सर्रास वापरात होते. निळसर-हिरवी झिलई असलेले तुकडे त्याच्या बरेच नंतरचे, मध्ययुगातले. शंखाच्या बांगड्यांचे पांढरे कमानदार तुकडे. अकीकाचे मणी किंवा त्यांच्या छिलक्या. लोखंड गाळल्यावर उरते ते काळे, जड, बुडबुडे आलेले कीट. आणि विटा. आजची वीट नऊ इंच लांब. जुनी दीड फुटाच्या आसपास भरली, तर तिचा कोपरा सापडला तरी मोजून ठेवा.

माझी एक चूक तुम्ही करू नका. खापर दिसले म्हणजे खाली गाव आहे, असे मी धरून चाललो होतो. तसे नसते. पांढरीची माती खत म्हणून टाकल्यामुळे कोणत्याही शेतात विरळ खापरे मिळतातच. दाटी कुठे आहे ते बघायचे असते, म्हणून मोजणी. आमच्या वहीत बहुतेक टप्प्यांत दोन-तीन आकडे होते आणि उंचवट्याच्या उरलेल्या भागात एकदम चाळीसच्या पुढे. मग खापराची कड पाहा. कडा गोल झिजलेल्या असतील तर तो तुकडा पुराच्या पाण्याने किंवा नांगराने लांबून आलेला असू शकतो. कड धारदार असेल तर तो फार फिरलेला नाही.

दुसरी फसगत वीटभट्टीची. जुन्या भट्टीच्या जागी राख, लाल भाजकी माती आणि विटांचे तुकडे असतात, म्हणून ती जागा प्राचीन वाटते. पण भट्टीवर सगळ्या विटा एकाच मापाच्या, काही जास्त भाजून काचेसारख्या वितळलेल्या, आणि मडक्याचा काठ किंवा हाडाचा तुकडा औषधालाही नाही. जिथे माणसे राहिली तिथे चुलीचा कचरा असतो.

५. जाणकाराला बोलवा

बडोदेकरांचे नशीब चांगले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग १९५० पासून इथे आहे. प्रा. बी. सुब्बाराव यांनी अकोट्याला आणि प्रा. र. ना. मेहता यांनी शिनोर तालुक्यातल्या टिंबरव्याला उत्खनन केले, तेही पन्नासच्या दशकातच. आपल्या जिल्ह्याची माती या लोकांनी थराथराने वाचलेली आहे. जाण्याआधी कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक चक्कर मारा. अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत. १९५१ साली उजेडात आलेला तो साठा ६८ मूर्तींचा. दांडिया बाजारातून अकोटा पुलावर रोज जाणारे आपण, पण पलीकडे अंकोट्टक नावाचे नगर होते आणि शके ७३४ म्हणजे इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात बडोद्याचे नाव वडपद्रक असे येते, हे मलाही चाळिशी ओलांडल्यावर कळले.

तोंडी सांगायला जाण्यापेक्षा एक पानाचे पत्र द्या. सोबत सर्व्हे नंबर, उपग्रहचित्र, खापरमोजणीचा तक्ता, पट्टी ठेवून काढलेले दहा-बारा फोटो आणि काम सुरू करायची तारीख. मोजणीचा तक्ता पाहिला की समोरचा माणूस तुम्हाला गांभीर्याने घेतो. आमच्याकडे एक अभ्यासक शनिवारी आले आणि तीन तास शेतात फिरले. त्यांनी बुटाच्या टोकाने एक खापर उलटे केले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे बाहेरून आलेलं नाही, हे इथलंच आहे."

एक सक्त सूचना. "बघूया तरी खाली काय आहे" म्हणून स्वतः खड्डा घेऊ नका. शास्त्रीय उत्खनन केंद्राचे किंवा राज्याचे खाते आणि विद्यापीठे करतात, तेही रीतसर मंजुरीने. धातुशोधक यंत्र घेऊन येणाऱ्यांना आणि सोन्याचा चरू दाखवतो म्हणणाऱ्या मांत्रिकांना बांधावरूनच परत पाठवा. गुप्तधनाच्या नादाने किती टेकाडे पोखरली गेली आहेत, ते खेड्यात फिरणाऱ्याला ठाऊक आहे.

६. आराखडा पास करण्याआधी घराची जागा ठरवा

बिनखेतीचा (बिनशेती परवानगीचा) अर्ज आणि घराचा नकाशा, दोन्ही वरच्या पायऱ्या झाल्यावर. आधी नकाशा मंजूर करून घेतलात आणि मग घर वीस मीटर सरकवायचे ठरले, तर सुधारित मंजुरीसाठी पुन्हा फेऱ्या.

घर पांढरीवरून हटवायला आणखी एक रोकडे कारण आहे. साचलेली, राखमिश्रित माती पायाला वाईट. ती एकसारखी दबत नाही, भिंतींना तिरके तडे जातात. माती परीक्षणाच्या अहवालात भराव असा शेरा आला तर इंजिनिअर तुम्हाला तेच सांगेल. आमचे घर आम्ही काळ्या मातीत नेले. तिथे खांबांचा पाया घ्यावा लागला, थोडा खर्च वाढला. उंचवट्याच्या उरलेल्या भागावर काहीच बांधले नाही. तिथे फक्त गवत आहे. खोल मुळांची झाडेही लावली नाहीत, कारण मुळे थर फोडतात.

७. जेसीबीच्या दिवशी

पायाच्या चरापेक्षा जास्त नासधूस सपाटीकरणाने होते. त्याखालोखाल शोषखड्डा, पाण्याची टाकी आणि कुंपणाची चर. या गोष्टी नकाशावर बारीक दिसतात, म्हणून विसरल्या जातात.

ऑपरेटरशी आदल्या दिवशी बोला. दाते असलेल्या बकेटऐवजी सपाट ओठाची बकेट लावायला सांगा आणि एका वेळी अर्धा फूटच माती काढायची असे ठरवा. तो तासावर पैसे घेतो, त्याला घाई नसते, घाई आपल्याला असते. घरचे एक माणूस फक्त बघायला उभे ठेवा, त्याला चहापाण्याचे दुसरे काम देऊ नका. मातीचा रंग बदलला, राखेची रेघ दिसली, विटा ओळीत दिसल्या, की हात वर. चराच्या उभ्या भिंतीचा पट्टी लावून फोटो घ्या. थर त्या भिंतीतच दिसतात.

पावसाळ्यात खोदकाम टाळा. चर पाण्याने भरली की काहीच दिसत नाही.

८. काही सापडलेच तर

काम थांबवा. वस्तू उपसू नका, धुऊ नका, नाण्याला चिंच तर मुळीच लावू नका. जागेवर फोटो, खोलीची नोंद, वर ताडपत्री. माणसाची हाडे दिसली तर पोलिसांनाही कळवा.

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा, पण आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते: काय सापडले, अंदाजे किंमत, कुठे आणि कोणत्या तारखेला. लपवले तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लक्षात ठेवा, कायद्याच्या दृष्टीने सापडणारा म्हणजे बरेचदा तुमचा मजूर. निधीचा मालक निघाला नाही आणि आपसात करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंवा मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. मजुरांना हे आधीच समजावून सांगा. त्यांचाही त्यात वाटा आहे हे कळले की वस्तू खिशात जात नाही.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि इतर वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. मूर्ती घरातल्या देव्हाऱ्यात बसवून विषय संपत नाही, तिची नोंदणी करावी लागते.

गावात एक भीती नेहमी ऐकू येते: कळवले तर सरकार जमीन घेईल. या भीतीने विटा रातोरात भरावात जातात. खापर किंवा एखादी भिंत निघाली म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. एखादी जागा केंद्रसंरक्षित करायची तर राजपत्रात दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत मालकाला हरकत घेता येते.

हाताशी ठेवायचे कागद

सातबारा, ८-अ आणि नमुना ६ च्या नोंदी, गावनकाशा आणि टिपण, स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासूनचे मोजलेले अंतर, उंची आणि खोलीसह घराचा आराखडा, माती परीक्षणाचा अहवाल, खापरमोजणीची वही, अभ्यासकाला दिलेल्या पत्राची पोच, आणि खोदकामाचे तारीखवार फोटो. फोटो फोनमध्ये राहू देऊ नका, वेगळ्या जागी उतरवून ठेवा.

त्या कड्याचे तीन तुकडे मी गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवले आहेत. वर एक चिठ्ठी बांधली आहे: सर्व्हे नंबर, तारीख, आणि खोलीच्या जागी "माहीत नाही". तुमच्या चिठ्ठीत त्या जागी आकडा असू द्या.